उत्तरेच्या भिंतीवर ऊन कधी येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २८, मेकॅनिकल इंजिनिअर, हिंजवडीत नोकरी, गेली चार वर्षं शनिवार-रविवार कॅमेरा घेऊन गडकिल्ल्यांवर भटकंती. आता नोकरी सोडून पूर्णवेळ वास्तू आणि निसर्ग या दोनच विषयांचं छायाचित्रण करायचं आहे, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या नाहीत. पोट भरेल का, कॅमेरा कोणता घेऊ, सुरुवात कुठून करू, आणि दोन्हींपैकी एकच निवडावं लागेल का?

मी हे काम बावीस वर्षं करते आहे. पुण्यात राहते, मुंबई, नाशिक, कोकण, गोवा इथे कामासाठी जाते. अजूनही साईटवर पोचले की वॉचमन विचारतो, "मॅडम, कॅमेरामन कधी येणारेत?" तर उत्तर देण्याइतका अनुभव आहे असं समजून लिहिते.

आधी कडू गोष्ट. माझ्या दहा रुपयांतले नऊ इमारतींचे असतात: आर्किटेक्ट, इंटिरियर डिझायनर, बिल्डर, हॉटेलवाले. उरलेला एक निसर्गाचा, आणि त्यातलाही बराचसा डिझेल आणि टोलमध्ये जातो. कारण साधं आहे. इमारतीला मालक असतो, तिचा आर्किटेक्ट असतो, आणि दोघांनाही ती लोकांना दाखवायची असते. डोंगराचं बिल कोणाच्या नावाने फाडणार? जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा आठवडाभर माझा फोन वाजत होता. रायगड हवा, राजगड हवा, साल्हेर आहे का. पैशाचं विचारलं की बहुतेक जण म्हणायचे, "खाली तुमचं नाव टाकू ना." नावावर वाणी तांदूळ देत नाही.

पण म्हणून डोंगर सोडा असं मी म्हणणार नाही. ते नऊ रुपये मला ज्यामुळे मिळतात ते मी डोंगरातच शिकले. एक काम सांगते.

मुळशीकडे पाण्याकाठी एक घर होतं. दर्शनी बाजू उत्तरेला, कारण पाणी तिकडे. काळ्या दगडाची उघडी भिंत, टाकीच्या घावांसकट ठेवलेली, आणि आर्किटेक्टचा सगळा जीव त्या भिंतीत. नोव्हेंबरात ताबा दिला आणि डिसेंबरात फोन आला, "या आठवड्यात काढून टाकू." मी म्हटलं, मेमध्ये काढू. त्याला वाटलं ही काम टाळते आहे.

आता तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला हे चटकन कळेल. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य आग्नेयेकडे उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडूनच सरकतो. उत्तरेच्या भिंतीला त्याचं तोंडही दिसत नाही. जूनमध्ये तोच सूर्य ईशान्येकडे झुकून उगवतो. पुण्याच्या अक्षांशावर या दोन टोकांत क्षितिजावर सुमारे ५० अंशांचा फरक पडतो. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस तो दुपारी थेट डोक्यावर येतो, त्यालाच आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. या दोन दिवसांच्या मधला काळ सूर्य आपल्या उत्तरेला असतो. पण त्यातला जून-जुलै पावसाने खाल्लेला. म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर नीट ऊन पाहायचं तर हातात उरतात मेचे दिवस आणि तेही सकाळ-संध्याकाळचे.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. एका किल्ल्याचा उत्तरेकडचा कडा मी सगळा हिवाळा सावलीत पाहिला होता, आणि एकदा मेमध्ये उगाच गेले तर सकाळी तो कडा सोन्यासारखा पेटलेला. मुळशीच्या भिंतीवर तसंच झालं. सकाळी साडेसहाला ऊन भिंतीला जेमतेम घासत तिरकं आलं आणि टाकीचा एकेक घाव सावली धरून उभा राहिला. पंचवीस मिनिटं, मग संपलं. एक खोट होती: मेच्या धुरकट हवेत मागचे डोंगर पार गायब होते. त्यासाठी ऑक्टोबरात पुन्हा गेलो, पाऊस धुऊन गेल्यावर. दोन फेऱ्या, आणि दोन्हींचे पैसे लावले. आर्किटेक्टने कुरकुर न करता दिले, कारण तोवर त्याला समजलं होतं की तो कशाचे पैसे देतोय.

तेव्हा निवड करायची गरज नाही. दोन्हीकडे काम एकच: ऊन त्या जागेवर कधी येणार हे ओळखणं आणि त्या वेळी तिथे असणं. वेरूळचंच घ्या. लेण्यांचा सगळा डोंगर पश्चिमेला तोंड करून आहे. लोक सकाळी नऊला उत्साहाने पोचतात आणि कैलासाचं दर्शनी तोंड सावलीत पाहून परततात. तिथे दुपार कलल्यावर जायचं. आणि मंगळवारी जायचं नाही, वेरूळ मंगळवारी बंद असतं. हे मी पुण्याहून रात्रभर गाडी चालवून, बंद फाटकासमोर चहा पिताना शिकले. अजिंठा सोमवारी बंद.

आता हस्तकौशल्याच्या दोन-तीन गोष्टी, ज्यात नवे लोक हमखास अडकतात.

तुमच्या किल्ल्यांच्या फोटोंतल्या तटबंद्या राखाडी दिसतात असं तुम्हीच लिहिलंय आणि दोष कॅमेऱ्याला दिलाय. कॅमेरा बिचारा काय करणार? त्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे असंच वाटतं. आपला बेसॉल्ट काळा. चौकट काळ्या दगडाने भरली की मीटरला वाटतं उजेड कमी पडला, आणि तो फोटो उजळवतो. सिन्नरच्या गोंदेश्वरासमोर उभं राहून पाहा: मीटर म्हणेल तसा काढलात तर देऊळ सिमेंटचं वाटेल. पाऊण ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), दगडाला त्याचा काळेपणा आणि ओल परत मिळते. चुन्याची पांढरी भिंत, गोव्यातली चर्चेस, इथे बरोबर उलटं, वर न्यावं लागतं. कोकणातला जांभा या दोन्हींपेक्षा वेगळा. त्याचा रंग ओला असताना खरा. पावसाची सर येऊन गेल्यावर अर्ध्या तासात जांभ्याची भिंत जी दिसते ती मेच्या उन्हात कधीच दिसत नाही.

दुसरं, उभ्या रेषा. इमारत पूर्ण बसावी म्हणून आपण कॅमेरा वर करतो आणि ती मागे कलंडल्यासारखी होते. कॅमेऱ्याचं सेन्सर भिंतीला समांतर ठेवलं तर रेषा उभ्याच राहतात, पण मग अर्धी चौकट रस्ता आणि वरचा मजला कापलेला. त्यासाठी शिफ्ट लेन्स असते. कॅमेरा सरळ ठेवून लेन्सच वर सरकवायची. माझी २४ मिमीची लेन्स दोन्ही बाजूंना १२ मिमी सरकते, आणि तेवढ्यात तीन-चार मजली इमारत रस्त्यापलीकडून नीट मावते. पहिल्या दिवशी ही लेन्स घेऊ नका, महाग आहे. थोडी रुंद चौकट घ्या, कॅमेरा पातळीत ठेवा आणि खालचा भाग नंतर कापा. पिक्सेल वाया जातात, चालतं. संगणकावर रेषा ओढून सरळ करता येतात हे खरं, पण फार ओढलं की इमारत लांबुडकी होते, आणि ज्याने तिचं प्रमाण चार महिने बसून ठरवलंय त्या आर्किटेक्टच्या डोळ्याला ते पहिल्या सेकंदात टोचतं.

घराच्या आत अतिरुंद लेन्स लावून दहा बाय बाराची खोली हॉल करून दाखवायचा मोह होईल. बिल्डर तर मागेच लागतो. मी सहसा २४ मिमीच्या खाली जात नाही आणि कॅमेरा कमरेच्या किंचित वर ठेवते. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलं की फरशी जास्त आणि खोली कमी दिसते.

तिसरी गोष्ट संध्याकाळची, आणि इथे थोडं थांबते, कारण वास्तूच्या कामात सगळ्यात जास्त हाच फोटो विकला जातो. सूर्य बुडाल्यावर आकाश निळं असताना घरातले दिवे लावलेले. आपल्याकडे संधिप्रकाश युरोपाइतका रेंगाळत नाही. वीस-बावीस मिनिटांत काळोख, आणि त्यातही आतला आणि बाहेरचा उजेड तोलामोलाचा असतो तो जेमतेम दहा मिनिटं. या दहा मिनिटांची तयारी दुपारी तीनपासून चालते. सगळे दिवे लावून बघायचे, एकतरी बंद निघतोच. इलेक्ट्रिशियनला थांबवून ठेवायचं, कारण डायनिंगच्या वर पिवळे आणि किचनमध्ये पांढरे दिवे बसवलेले असतात आणि ते चौकटीत शेजारी येतात. सोफ्यावरचं प्लास्टिक काढायचं. एसीच्या पाइपवर राहिलेली टेप, खिडकीच्या काचेवरचं स्टिकर, बाल्कनीत वाळत घातलेलं फडकं. "साईट पूर्ण झाली" या वाक्यावर कधीही विश्वास ठेवू नका. एकदा मी पोचले तेव्हा पूर्ण झालेल्या साईटवर जिन्याचा कठडा बसायचा होता.

मग साडेसहाला सगळे जागेवर. ट्रायपॉड खिळलेला, चौकट ठरलेली. ती एकदा ठरली की हलवायची नाही, दर मिनिटाला एक फोटो घेत राहायचं. मागच्या वर्षी एका बंगल्यावर नेमक्या त्या दहा मिनिटांत शेजाऱ्याने अंगणातला हॅलोजन लावला आणि आमच्या भिंतीवर भगभगीत पांढरा पट्टा आला. माझी असिस्टंट धावत गेली, काका पूजेला बसलेले. काकूंनी दिवा बंद केला, वर खोबऱ्याची वडी दिली. फोटो मिळाला तो शेवटच्या दोन मिनिटांतला.

निसर्गाच्या बाबतीत अशी तयारी नसते, फेऱ्या असतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र, म्हणजे ढगातलं रंगीत गोल कडं, दिसतं हे तुम्हाला माहीत असेलच. पण नवखे लोक तिथे संध्याकाळी वाट बघत बसतात. कडा पश्चिमेला तोंड करून आहे. इंद्रवज्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, खालच्या ढगांत उमटतं, आणि मध्ये आपलीच सावली असते. म्हणजे सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळ, आणि खाली दरीत ढग भरलेला. पावसाळ्यात आणि लगेच नंतर हा योग जुळतो, तोही मर्जी असेल तर. मी आजवर अकरा वेळा गेले आणि दोनदा पाहिलं. त्यातल्या एकदा लेन्सवर आतून बाष्प धरलं होतं, म्हणून फोटो एकाच वेळचा आहे.

कासला जाणार असाल तर एवढंच सांगते: फुलं वितीएवढीही नसतात. उभं राहून काढलं तर गालिचा दिसतो पण फूल दिसत नाही. मोकळ्या कातळावर पालथं पडा, फुलांवर नाही. सोनकी, तेरडा दरवर्षी भेटतील. कारवी सात वर्षांनी सामूहिक फुलते, ते वर्ष आधी चौकशी करून गाठावं लागतं.

डोंगर आणि इमारत यांच्या मध्ये एक गिऱ्हाईक बसलेलं आहे, त्याच्याकडे फार कमी लोक जातात: लँडस्केप आर्किटेक्ट. त्यांच्या बागा ताबा देताना काठ्यांना बांधलेली रोपटी असतात. त्यांना सांगायचं, दोन पावसाळे जाऊ द्या, मग येते. माझ्याकडे असे तीन जण आहेत आणि तिघेही दर ऑक्टोबरात स्वतःहून फोन करतात. तुमच्यासारख्या गवत आणि ढग ओळखणाऱ्या माणसाला हे काम शहरी स्टुडिओवाल्यापेक्षा चांगलं जमेल.

आता कागद. माझं सगळ्यात मोठं नुकसान कॅमेऱ्याने नाही, कागद न केल्यामुळे झालं. सुरुवातीच्या वर्षांत एका घराचे फोटो दिले, पैसे घेतले, विसरले. वर्षभराने टाइल्सच्या एका कंपनीच्या माहितीपत्रकावर माझा फोटो, पूर्ण पानभर. फोन केला तर म्हणाले, आर्किटेक्टने दिला. आर्किटेक्ट म्हणाला, पैसे दिले होते ना तुला? आणि कायदा त्याच्या बाजूने होता. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक काम देणारा ठरतो. बहुतेक छायाचित्रकारांना वाटतं काढला त्याचा फोटो. तसं नाही. म्हणून एका पानाचा करार, काम सुरू होण्याआधी, सहीसकट: कॉपीराइट माझा, तुम्हाला वेबसाइट, स्पर्धा, मासिकं यांसाठी वापरायचा परवाना, तिसऱ्याला द्यायचा झाला तर मला विचारून. त्या टाइल्सवाल्याला, दिवेवाल्याला, खिडक्यांच्या कंपनीला फोटो हवेच असतात. करार असेल तर ते तुमचे वेगळे गिऱ्हाईक होतात. आधीच सांगितलं तर आर्किटेक्ट आणि इंटिरियरवाला खर्च वाटूनही घेतात आणि दोघांनाही स्वस्त पडतं.

पन्नास टक्के आगाऊ, उरलेले मोठ्या फाइली देण्याआधी. ओळखीतला असला तरी. ओळखीतला असेल तर नक्कीच. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, १८ टक्के.

परवानग्यांचं थोडक्यात: इमारतीचा फोटो काढल्याने तिच्या आराखड्याच्या कॉपीराइटचा भंग होत नाही, ती सूट कलम ५२ मध्ये आहे. पण आवारात शिरायला परवानगी लागतेच. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात हातातला कॅमेरा चालतो, ट्रायपॉडला आधी लेखी परवानगी काढा. ड्रोन २५० ग्रॅमच्या वरचा असेल आणि धंद्यासाठी उडवायचा असेल तर रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं, आणि कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाचा नकाशा उडवण्याआधी बघायचाच. पुण्यात एका बाजूला लोहगावचा हवाई तळ, दुसऱ्या बाजूला खडकवासल्याला एनडीए. गिऱ्हाईक म्हणेल दोन मिनिटांचं काम आहे. पोलिसांसमोर ते तुमच्याबरोबर उभं राहणार नाही.

कॅमेऱ्याचं सगळ्यात शेवटी, कारण ते सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. तुमच्याकडे आहे तो पुरेल. पैसे ट्रायपॉडवर घाला, जड आणि कुरूप घ्या. आणि एक हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर. ट्रेकहून आल्यावर ओली बॅग तशीच कपाटात गेली की ऑगस्टअखेर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. माझ्या पहिल्या चांगल्या लेन्सचं तसंच झालं, हप्ते अजून चालू होते.

इंजिनिअर असल्याबद्दल तुम्ही दोनदा माफी मागितल्यासारखं लिहिलंय. एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ रुडकीला इंजिनिअरिंग शिकले, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते, आणि नोकरी करतच कॅमेऱ्याकडे वळले. मध्य भारतातली देवळं, किल्ले, वाडे त्यांनी काचेच्या जड प्लेटी वाहून नेऊन टिपले. प्लॅन आणि सेक्शन वाचता येणारा माणूस कॅमेरा कुठे ठेवायचा हे लवकर ओळखतो. आर्किटेक्टकडे पहिल्यांदा गेलात की फोटो दाखवण्याआधी त्याचा प्लॅन मागा, आणि उत्तर दिशा कुठे आहे ते विचारा. निम्मी मुलाखत तिथेच संपते.

नोकरी आत्ता सोडू नका. इमारतींची कामं बहुतेक एका दिवसाची असतात, वर्षभर शनिवारी-रविवारी आणि रजा टाकून करता येतील. सलग सहा महिने दर महिन्याला तीन पैसे देणारी कामं आली आणि त्यातलं निदान एक जुन्या गिऱ्हाइकाकडून परत आलं, तर राजीनाम्याचा विचार करा. घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा, कारण जून ते सप्टेंबर बाहेरची कामं जवळजवळ थांबतात. डोंगर मात्र त्याच चार महिन्यांत बोलावतो, तेवढी सोय आहे.

तोवर एक करा. तुम्ही राहता ती सोसायटी किंवा ऑफिसची इमारत घ्या, कुरूप असली तरी चालेल. तिच्या चारही बाजूंवर ऊन किती वाजता येतं आणि कधी जातं ते दर महिन्याच्या एका रविवारी वहीत लिहा. वर्षअखेर तिचे बारा फोटो मला पाठवा, फक्त बारा. बाल्कनीत वाळत घातलेले कपडे दिसले तर राहू द्या, उत्तरेच्या बाल्कनीत ते मेमध्येच नीट वाळतात.